अडीच अंशांची चूक

३ जुलै

आज संस्थेचं पत्र आलं. माझी बायको अकरा वर्षं जिथल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती, ती संस्था. मला वाटलं, तिचं सामान घेऊन जा म्हणत असतील. पत्रात दोन परिच्छेद. पहिल्यात सांत्वन, ती जाऊन पाच महिने झाल्यावर. दुसऱ्यात असं, की एप्रिलमध्ये छापून आलेला त्यांचा शोधनिबंध ते मागे घेत आहेत, कारण 'दिवंगत तंत्रज्ञाने तापमानाची पडताळणी न केल्यामुळे' निष्कर्ष चुकले. हे वाक्य मासिकात छापण्यापूर्वी कुटुंबाला कळवणं त्यांना उचित वाटलं.

उचित!

अक्काला वाचून दाखवलं. अक्का माझी थोरली बहीण, फेब्रुवारीपासून माझ्याकडेच आहे. ती म्हणाली, "नाव घातलंय का तिचं?"

"नाव नाही. नुसतं तंत्रज्ञ."

"मग कोणाला कळणार आहे? सोड की."

मला कळणार आहे. जी बाई दुधाचं भांडं उतरवताना घड्याळ बघायची, तिने तापमान बघितलं नाही म्हणे.

मी पंपांच्या कारखान्यात आराखडे काढतो. डायरी कधी लिहिली नाही. ही कारखान्याने वाटलेली, जानेवारीपासून कोरी. पण बोलायला गेलो की हल्ली आवाज चढतो आणि अक्का खिडक्या लावत सुटते. म्हणून लिहितो.

७ जुलै

अर्धा दिवस रजा टाकून संस्थेत गेलो. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना ती सर म्हणायची, फार गोड बोलतात. टेबलावर विषाणूचं प्लास्टिकचं मॉडेल आहे, वीस बाजूंचं. त्याखाली कागद दाबून ठेवले होते.

"बसा ना. चहा घेणार? हे बघा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. विज्ञानात असं होतं."

मी म्हटलं, "तिची वही दाखवा."

"तीच तर पंचाईत आहे. नेमकी त्या दिवसांतली वही मिळत नाही. शेवटी शेवटी त्यांचं लक्ष नसायचं हो. आजारी माणूस, आपण काय बोलणार?"

मी मान डोलावली. चहासुद्धा प्यायलो. जिना उतरताना एकेका पायरीला एकेक उत्तर सुचत गेलं. खाली येईपर्यंत वीसेक झाली. आयुष्यभर माझं हेच झालंय.

१० जुलै

संध्याकाळी एक मुलगी खोकं घेऊन आली. जाड चष्मा, पाठीला पिशवी. प्रयोगशाळेत पीएचडी करते आहे, सरांच्या हाताखाली. बायको तिला चष्मेवाली म्हणायची एवढं मला आठवत होतं. दारातच म्हणाली, "तुम्हीच ना ते हंसाहेब?" आणि जीभ चावली.

"कोण?"

"सॉरी भाऊजी. ताई म्हणायच्या, घरी काहीही सांगा, उत्तर एकच. हं."

अक्का स्वयंपाकघरातून हसली. मला हसू आलं नाही. अकरा वर्षं मी तिथे हंसाहेब होतो आणि मला पत्ता नाही.

खोक्यात तिचा पांढरा कोट, मग, टायमर. कोटाच्या घडीत वही. हीच ती न मिळणारी. सरांच्या कपाटातच होती म्हणे, खालच्या कप्प्यात. "मी दिली म्हणू नका," मुलगी म्हणाली. "माझे सर आहेत ते."

मी तिला म्हटलं, ती नेमकं काय काम करायची ते मला समजेल असं सांग. हे मी परक्या पोरीला विचारतोय, याची लाज वाटली.

तिने सांगितलं ते असं. ओठावर ताप उतरतो, फोड येतात, तो हा विषाणू. नागीण ज्याने होते तो याचाच भाऊबंद. अक्का लगेच बाहेर आली. "अगं बाई, आणि ही ते हाताळायची? मला वाटलं त्यानेच ती..."

"नाही हो. ताईंना कॅन्सर होता. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"मी खालच्या मजल्यावर सांगून बसले की!"

यावर मी काय बोललो ते लिहीत नाही. अक्का खिडक्या लावायला गेली.

विषाणूला बाहेरून चरबीचं पातळ आवरण असतं, त्यावर काटे. पेशीच्या अंगावर तो काट्यांनी चाचपडत चिकटतो. मग त्याचं आवरण आणि पेशीची कातडी एकमेकांत मिसळून जातात आणि आतलं कडक कवच पेशीत शिरतं. कवचात त्याचा डीएनए. पण ते केंद्रकापर्यंत गेल्याशिवाय उपयोग नाही, आणि कवचाला स्वतःला चालता येत नाही. पेशीत सामान वाहून नेण्यासाठी रुळांसारखे धागे असतात, त्यांवरून ओझी ओढणारे पेशीचेच हमाल असतात. कवच त्यांना धरतं आणि ते त्याला इमानदारीत केंद्रकापर्यंत नेतात.

"कोणी विचारत नाही? तू कोण, कुठे चाललास?" मी म्हटलं.

"पेशी थोडीफार अडवाअडवी करते. पण हमालांना काय, पाठीवर बसला तो माल."

केंद्रकाच्या पडद्याला भोकं असतात, पण कवच त्यातून जाणार नाही एवढं मोठं. ते भोकाच्या तोंडाशी बसतं, आणि डीएनएचा धागा तेवढा आत जातो. रिकामं कवच बाहेर राहतं.

"धागा आत ढकलतं कोण?"

"दाब. कवचात तो इतका ठासून भरलेला असतो की वातावरणाच्या अठरा-वीस पट दाब असतो. झाकण उघडलं की सुटला. हे मला ताईंनी पंपाचं चित्र काढून समजावलं होतं. म्हणाल्या, आमच्याकडे घरी दाबातला माणूस आहे."

ते मला आठवलं. एका रविवारी तिने विचारलं होतं, बंद भांड्यातला दाब एका बारीक छिद्रातून सुटला तर काय होतं. मी अर्धा तास बोललो, कागदावर काढून दाखवलं. कशासाठी हवंय, हे विचारलं नाही.

१२ जुलै

दोन दिवस वही वाचतो आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मान्य.

कामाची रीत रोज तीच. पेशींच्या बशा बर्फावर ठेवायच्या, वरून विषाणू सोडायचा, एक तास थांबायचं. थंडीत विषाणू पेशीला चिकटतो, पण आत शिरू शकत नाही. सगळे उंबरठ्यावर खोळंबतात. मग कोमट द्रव ओतून बशी इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे सदतीस अंशांवर ऊब देणाऱ्या पेटीत, आणि टायमर सुरू. म्हणजे सगळे एकाच क्षणी निघतात आणि अर्ध्या तासाने, तासाने, दोन तासांनी कुठवर पोचले याचे फोटो घेता येतात. त्यांनी विषाणूच्या एका प्रथिनात बदल केला होता. तो बदललेला विषाणू केंद्रकाच्या भोकाशी नीट पोचायचा आणि तिथेच अडकायचा. झाकण उघडतच नव्हतं. सरांचा सगळा निबंध यावर.

प्रत्येक पानाखाली 'वाचले, समजले' असं लिहून सरांची सही आणि तारीख. तसा नियमच आहे म्हणे, प्रमुखाने रोज पान वाचून सही करायची. आमच्याकडेही आराखड्याच्या कोपऱ्यात 'तपासले' असतं. एकवीस वर्षं सह्या बघतोय मी. २० ऑक्टोबर ते २८ नोव्हेंबर, तारखा वेगवेगळ्या, पण सुरुवातीच्या सगळ्या सह्यांना पेन एकच, हिरवं. ते पानागणिक फिकं होत जातं. ३ नोव्हेंबरच्या सहीत मधेच संपलंय, तिथून निळं. दीड महिन्याच्या सह्या एका बैठकीत ठोकल्या आहेत. वाचले म्हणे. समजले म्हणे.

आणखी एक. ऑक्टोबरच्या शेवटापासून आठवड्यातले एकदोन दिवस तिने कामाची सुरुवात ११.४०, ११.५० लिहिली आहे. घरातून तर ती सातलाच निघायची. सर सकाळी बैठका घेत असणार. लोकांचा वेळ खायला यांना बरं जमतं.

१३ जुलै

सापडलं. जसंच्या तसं उतरवतो.

'१४ नोव्हेंबर. इन्क्युबेटरमध्ये पाण्याच्या भांड्यात काचेचा तापमापक ठेवला. बाहेरचा आकडा ३७, आत ३९.५. दोन तासांनी पुन्हा तेच. २० ऑक्टोबरपासूनचे सर्व फोटो ३९.५ चे धरावेत. आठवड्यातून एकदा तापमापक लावायचा हा नियम मीच घातला होता. या काळात मी तो पाळला नाही. चूक माझी. कवच दाराशी अडकते ते बदलामुळे की उष्णतेमुळे, हे यावरून सांगता येणार नाही. सर्व पुन्हा करावे लागेल.'

खाली निळ्या पेनाने: वाचले, समजले.

तिने सांगितलं होतं. लिहून सांगितलं होतं. आणि त्या माणसाने सही करून निबंधात ३७ छापलं. चष्मेवालीने सांगितलं होतं, परदेशातल्या कोणीतरी बरोबर सदतीसला तेच करून बघितलं तर कवचं मजेत रिकामी झाली, मग यांना दिवंगत तंत्रज्ञ आठवली.

पण त्या दोन ओळी. नियम मीच घातला होता. चूक माझी.

कोणी मागितलं होतं हे तुझ्याकडे? इन्क्युबेटर बिघडला एवढं लिहून भागलं नसतं? स्वतःच्या हाताने त्यांना दोरी वळून दिलीस.

१६ जुलै

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत १४ नोव्हेंबरच्या पानाची प्रत काढली. मधल्या त्या दोन ओळींवर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवली, मग खालचा भाग वर सरकवून पुन्हा प्रत काढली. जोड दिसत नाही. आराखड्यांत हे मी रोज करतो.

यात खोटं काही नाही. सगळे शब्द तिचेच आहेत.

१८ जुलै

सरांपुढे प्रत ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. विचारलं, "हे कुठे मिळालं?"

"घरात." हे खरंच आहे.

"मूळ वही?"

"आहे."

मग म्हणाले, "सही माझी आहे. गडबडीत... महिन्याच्या महिन्याला करायचो. सगळेच करतात." मग त्यांनी स्वतःच सुचवलं. तंत्रज्ञाचा उल्लेख गाळू. 'उपकरणातील बिघाडामुळे' असं छापू. कोणावरच ठपका नको.

मी "ठीक आहे" म्हणालो. जिंकलो. बाहेर आलो तेव्हा त्या माणसाला ठोसा द्यायचा राहिला, याचीच चुटपुट होती.

अक्का म्हणाली, "झालं ना मनासारखं? आता तरी दोन घास नीट खा."

२१ जुलै

चष्मेवाली आली. सरांच्या टेबलावर तिने प्रत बघितली होती. बसायला सांगितलं तर बसली नाही.

"भाऊजी, दोन ओळी कुठे गेल्या?"

"कुठल्या?"

"मला ते पान पाठ आहे. ताईंनी लिहिलं तेव्हा मी शेजारी होते. दहा मिनिटं पेन हातात धरून बसल्या होत्या. मीच म्हटलं, पेटी बिघडली एवढंच लिहा ना. तर म्हणाल्या, उद्या दुसऱ्या कोणाला हे करायचं असेल तर त्याला कळायला हवं आपण कुठे घसरलो. पेटी बिघडतेच, म्हणून तर नियम आहे."

"तिला काय अक्कल! छापणार होते तिच्या नावाने खडे फोडणारं वाक्य. मी ते थांबवलं. तुला काय त्रास होतोय?"

"तुम्ही सरांसारखंच केलंत."

मी ओरडलो. म्हटलं, तुला सगळं माहीत होतं तर निबंध जाताना तोंड का शिवून बसलीस? ती म्हणाली, "डिसेंबरात सांगितलं एकदा. सर म्हणाले, आजारी बाईचं डोकं ठिकाणावर नाही, तिच्या शब्दावर सहा महिन्यांचं काम फेकू का? मग गप्प बसले. मला डिग्री हवी होती. घाबरले. पुरे?" आणि रडायला लागली. अक्का तिला आत घेऊन गेली, जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाली, "लहान पोरीवर आवाज चढवतोस? शोभतं का?"

दार आपटून बाहेर पडलो. तीन वेळा वस्तीला फेरी मारली. घरी आलो तर मुलगी गेली होती.

२२ जुलै

सरांसारखंच म्हणे.

२६ जुलै

आज अक्काने तिचं कपाट रिकामं करायला घेतलं. मी इतके महिने करू दिलं नव्हतं. साड्यांच्या खाली इस्पितळाची फाईल निघाली. मला माहीत असलेली फाईल निळी, ती माझ्याकडे आहे. ही वेगळी, पिवळी.

पहिला कागद २१ ऑक्टोबरचा. तपासणीची वेळ सकाळी ८.१५. मग २७ ऑक्टोबर. ३१. ५ नोव्हेंबर. १० नोव्हेंबरला तपासणीसाठी तुकडा काढला. १३ ला अहवाल.

मला तिने १६ ला सांगितलं. जेवण झाल्यावर, ओटा पुसता पुसता. "थोडं दाखवून आले होते, आता मोठं काही निघतंय." मी तेव्हा समजलो, एकदाच जाऊन आली.

फाईल आणि वही शेजारी ठेवली. २१, २७, ३१, ५, १०. पाचही दिवशी काम सुरू अकरा वाजून गेल्यावर. आणि मी सरांच्या बैठकांना शिव्या देत होतो. सातला डबा घेऊन निघायची, मी पेपरामागून हात हलवायचो, आणि ती एकटी इस्पितळाच्या बाकावर जाऊन बसायची. तिथून प्रयोगशाळेत, पोटावर पट्टी बांधून बर्फावर बशा मांडायला. आणि अहवाल हातात पडल्यावर दुसऱ्या दिवशी पहिलं काम काय केलं, तर तापमापक लावला.

अक्का पलीकडे साड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस रे?"

"सोबत गेलो असतो!"

"हो, हे तिला कुठून कळणार होतं?"

अक्कावर यापूर्वी कधी एवढा राग आला नव्हता.

तुझाही आला. चूक माझी, हे वहीला सांगतेस. प्रमुखाला सांगतेस, ज्याने वाचलंसुद्धा नाही. मला सव्वीस दिवस काही नाही. मी एवढा दूर होतो का? समोरच्या खुर्चीवर होतो.

२७ जुलै

दिवसभर एक विचार. आता कारण हातात आहे. पिवळी फाईल सरांच्या तोंडावर फेकली की झालं. कोण म्हणेल तिची चूक? उलट हळहळतील. अशा अवस्थेत बिचारी काम करत होती म्हणतील.

बिचारी.

चष्मेवालीला फोन केला. म्हटलं, "वही देणार आहे, पूर्ण. तुझं नाव येणार नाही."

ती म्हणाली, "आलं तर येऊ दे. सोबत येऊ का?"

"नको. पण त्या दिवशी मी ओरडलो ते..."

"हं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पोरगी आगाऊ आहे.

२९ जुलै

वही घेऊन गेलो. पान उघडून समोर ठेवलं आणि म्हटलं, मी दिलेली प्रत अपुरी होती, दोन ओळी मी झाकल्या होत्या.

सरांनी वाचलं. या वेळी खरंच वाचलं, बोट ठेवून. मग खुर्चीत मागे टेकले. चेहऱ्यावर रंग परत आला. "म्हणजे मी म्हणत होतो तेच झालं. पडताळणी त्यांचीच राहिली."

"हो," मी म्हटलं. "आणि तिने ते लिहिलं. खाली वाचल्याची सही तुमची. त्यानंतर एका महिन्याने तुम्ही सदतीस लिहून निबंध पाठवलात."

"तुम्हाला नेमकं काय हवंय?"

आवाज चढला नाही, याचं मलाच नवल वाटलं. सांगितलं, "हे पान जसंच्या तसं छापा. तुमच्या सहीसकट. तिच्या नावाने. निबंधात तुम्ही तिचं नाव शेवटच्या ओळीत आभारात टाकलं होतं, ते चालणार नाही. पूर्ण नाव, शब्दांच्या वर. नाहीतर मी मासिकाला वही पाठवतो. एकवीस वर्षं आराखडे पाठवतोय, पार्सल बांधता येतं मला."

ते उठून खिडकीपाशी गेले. आले. म्हणाले, "लोक विचारतील. इतकी काटेकोर बाई, त्याच तीन आठवड्यांत तिने तापमापक का लावला नाही? काहीतरी कारण द्यावं लागेल. त्यांच्याच हिताचं आहे. तब्येतीचं काही होतं का तेव्हापासून?"

पिवळी फाईल माझ्या पिशवीत होती. का नेली होती, देव जाणे. बहुतेक फेकायलाच. हात पिशवीत गेलासुद्धा.

"तिने कारण लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला माहीत आहे?"

"आहे."

"मग सांगा ना. त्यांच्यावरचा ठपका हलका होईल."

"तिने जेवढं लिहिलं तेवढंच छापायचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी डोक्याने फिरलो आहे की काय अशा नजरेने. मग कोऱ्या कागदावर पान स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायला लागले. 'चूक माझी' पाशी थांबले, तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि तसाच थांबलो. ते लिहिल्यावर बसलो.

राग गेलेला नाही. त्यांच्यावरचा नाही आणि तिच्यावरचा तर मुळीच नाही. पण ती ते सव्वीस दिवस कुठे जायची, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं आणि आता मला माहीत आहे. ते मी कोणाला छापायला देणार नाही.